रिकाम्या पाळण्याचे देणे

आकडे कोरडे असतात असे आपण म्हणतो. पण काही आकड्यांपाशी क्षणभर थांबावेच लागते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०२२ साली जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी साडेपाचांहून थोडी अधिक बालके आपला पहिला वाढदिवस पाहू शकली नाहीत. ही झाली सर्वांची सरासरी. गौरवर्णीय मातांची बालके वेगळी मोजली तर हे प्रमाण हजारी सुमारे साडेचार भरते. कृष्णवर्णीय मातांची वेगळी मोजली तर जवळजवळ अकरा. एकाच देशात, एकाच कायद्याखाली, पुष्कळदा एकाच इस्पितळाच्या एकाच मजल्यावर जन्मलेल्या दोन बालकांपैकी एकाच्या वाट्याला मृत्यूचा धोका दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक येतो. गेल्या शंभर वर्षांत दोन्ही समाजांतील अर्भकमृत्यू कितीतरी पटींनी घटले. त्या दोहोंमधले अंतर मात्र मिटले नाही.

आम्हांला येथे जो प्रश्न विचारायचा आहे तो केवळ वैद्यकाचा नाही. गेली तीस-पस्तीस वर्षे अमेरिकेत असे आग्रहाने सांगितले जात आहे की, ही तफावत दूर करण्याचे काम त्या त्या समाजाने स्वतः हाती घेतले पाहिजे. नेतृत्व वस्तीतले हवे, आणि तेही वस्तीतल्या स्त्रियांचे हवे. ऐकायला हे फार बरे वाटते. पण ज्यांची बालके दगावली त्यांनीच ती दगावू नयेत म्हणून झटावे, असे म्हणताना आपण त्यांचा सन्मान करीत असतो, की त्यांच्या डोक्यावर आणखी एक बोचके चढवीत असतो?

हेरोदाच्या कथेत बालकांच्या हत्येमागे एक राजा होता, त्याची एक आज्ञा होती. आपला शोक कोणाच्या नावाने करायचा हे बेथलेहेमच्या मातांना कळत होते. येथे तसा कोणी नाही. कृष्णवर्णीय बालके मरावीत अशी इच्छा आज बाळंतपणाच्या खोलीतल्या कोणा डॉक्टरने किंवा परिचारिकेने धरलेली नसते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ च्या आपल्या विश्वपत्रात पापाच्या संरचना असा शब्द वापरला होता, तो अशाच ठिकाणी उपयोगी पडतो. इच्छा कोणाचीच नाही, आणि मृत्यू मात्र नेमाने त्याच दाराशी जातो. आता, अपराधी सापडत नाही म्हणून ऋणकोही कोणी नाही असे म्हणता येईल काय?

या प्रश्नाला बगल देण्याच्या दोन वाटा जुन्या आहेत. पहिली म्हणजे, हे सारे गरिबीमुळे होते, गरिबी हटली की हेही हटेल, असे म्हणणे. गरिबीचा वाटा मोठा आहे यात शंका नाही. पण १९९२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आईवडील दोघेही महाविद्यालयीन पदवीधर आहेत अशीच बालके त्यात घेतली होती. त्यांतही कृष्णवर्णीय बालकांचा मृत्युदर हजारी १०.२ आणि गौरवर्णीयांचा ५.४ निघाला. बालक पुरेशा वजनाचे जन्मले असेल तर दोघांच्या धोक्यात फरक उरत नव्हता. फरक होता तो दिवस भरण्याआधी, फार कमी वजनाची बालके जन्मण्यात. म्हणजे पदवी, नोकरी, चांगले घर हे सारे मिळवूनही त्या मातेच्या देहात काहीतरी असे घडत होते की मूल वेळेआधी येत होते.

दुसरी वाट रक्ताची: हा वंशाचाच गुण असेल, असे म्हणून मोकळे होण्याची. ही वाट अधिक सोयीची आणि अधिक घातक. तिला उत्तर मिळाले ते १९९७ साली, इलिनॉय राज्यातील जन्मनोंदींच्या अभ्यासातून. रिचर्ड डेव्हिड व जेम्स कॉलिन्स या दोन डॉक्टरांनी तीन प्रकारच्या मातांची तुलना केली. अमेरिकेत जन्मलेल्या गौरवर्णीय मातांच्या बालकांचे सरासरी वजन ३४४६ ग्रॅम होते. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बालकांचे ३३३३ ग्रॅम. आणि अमेरिकेतच जन्मलेल्या, वाढलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बालकांचे ३०८९ ग्रॅम. रक्ताचा दोष असता तर तो आफ्रिकेतून नुकत्याच आलेल्या स्त्रियांत अधिक दिसायला हवा होता. दिसला तो ज्यांच्या कित्येक पिढ्या अमेरिकेत गेल्या त्यांच्यात. पुढे २००२ साली त्याच संशोधकांना असेही आढळले की, आफ्रिकेतून आलेल्या स्त्रियांच्या अमेरिकेत वाढलेल्या मुलींच्या पोटी जी बालके येतात त्यांचे वजन आजीच्या पिढीपेक्षा चढत नाही, उतरते. इतर स्थलांतरितांची पुढची पिढी अंगापिंडाने भरते. हिच्याबाबत मात्र अमेरिकेची हवा उलटी लागते.

आर्लीन जेरोनिमस या विदुषीने १९९२ साली या प्रकाराला जे नाव दिले त्याचा आशय आपल्या भाषेत 'झिजणे' असा सांगता येईल. ऊनवाऱ्याने दगड झिजावा तसा सततच्या अवहेलनेने, सावधपणे जगण्याने देह झिजतो. दुकानात आपल्यावर नजर ठेवली जाते, दवाखान्यात आपले दुखणे खोटे धरले जाते, मुलगा संध्याकाळी वेळेवर परतला नाही की पोटात गोळा येतो. या प्रत्येक गोष्टीचा हिशेब शरीर ठेवीत असते. त्या विदुषीला असे दिसले होते की, गौरवर्णीय स्त्रियांच्या बाबतीत विशीच्या मध्यापर्यंत थांबून मूल होऊ दिले तर ते अधिक सुरक्षित असते. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीत थांबण्याचा तसा लाभ दिसत नाही, कारण थांबण्याच्या त्या वर्षांतच झीज होते. आमच्या मते या विषयावर लिहिल्या गेलेल्या सगळ्या शास्त्रीय निबंधांत नैतिक दृष्ट्या सर्वांत अस्वस्थ करणारे निरीक्षण हेच आहे. शहाणपणाने वागण्याचे फळ एकीला मिळते आणि दुसरीला मिळत नाही.

अर्थात हा वाद नवा नाही. विख्यात विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचा पहिला मुलगा १८९९ साली अटलांटात घटसर्पाने गेला, तेव्हा तो जेमतेम दीड वर्षाचा होता. पुढे १९०६ साली ड्यू बॉइस यांनी आपल्या समाजाच्या आरोग्याचा एक मोठा अभ्यास संपादित केला आणि मृत्यूंतली ही तफावत वंशाची नसून परिस्थितीची आहे, असे आकड्यांनिशी मांडले. एका पित्याने हे लिहावे आणि शंभर वर्षांनी संशोधकांनी तेच पुन्हा सिद्ध करीत बसावे, याला ज्ञानाची प्रगती म्हणावे की आणखी काही, हे वाचकांनीच ठरवावे.

मग समाजाने स्वतः काय केले? याचे सर्वांत बोलके उदाहरण मिसिसिपी राज्यात, डेल्टा म्हटल्या जाणाऱ्या काळ्या कसदार मातीच्या प्रदेशात सापडते. तेथे १८८७ साली गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांनी माउंड बायू नावाचे स्वतःचे गाव वसवले. आजूबाजूची इस्पितळे त्यांना घेत नसत; घेतलेच तर मागच्या दाराने, तळघरातल्या खोलीत. तेव्हा कृष्णवर्णीयांच्या एका परस्परसाहाय्य संघाने सभासदांच्या लहानलहान वर्गणीतून १९४२ साली टॅबोरियन इस्पितळ उभे केले. कापूस वेचणारी बाई तेथे पुढच्या दाराने आत जाई. वर्गणीची पावती हाच तिचा हक्क. समाजाच्या नेतृत्वाचा याहून स्वच्छ नमुना आम्हांला माहीत नाही. पण त्याच वेळी हेही नोंदवले पाहिजे की, ज्यांच्याकडून सरकार करही घेत होते त्यांनी आपल्याच तुटपुंज्या मजुरीतून दुसऱ्यांदा इस्पितळ बांधावे लागणे हा एक प्रकारचा दंडच होता.

१९६० नंतरच्या दशकात कापूस वेचणारी यंत्रे आली, तणनाशके आली, आणि वाट्याने जमीन कसणारी हजारो कुटुंबे एकाएकी निरुपयोगी ठरली. जगातल्या उत्तम जमिनींपैकी एकीवर माणसे उपाशी होती. अशा वेळी जॅक गायगर हे डॉक्टर केंद्र सरकारचा निधी आणि बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठाचा आधार घेऊन माउंड बायूला आले, आणि १९६७ साली तेथे आरोग्यकेंद्र सुरू झाले. गायगर स्वतः गौरवर्णीय. पण विद्यार्थिदशेत, १९५७ साली, ते दक्षिण आफ्रिकेत फोलेला येथे राहून आले होते. तेथे सिडनी व एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने १९४० पासून झुलू वस्त्यांतल्याच माणसांना शिकवून त्यांच्यामार्फत आरोग्याचे काम चालवले होते. वर्णभेदी सरकारने पुढे ते काम मोडून काढले. बीज मात्र समुद्र ओलांडून आले होते.

केंद्रातले डॉक्टर रोगी बालके तपासू लागले तेव्हा त्यांना मुख्य रोग दिसला तो उपासमारीचा. त्यांनी काय करावे? औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाजी, मांस लिहून दिले. आईने ती चिठ्ठी गावातल्या वाण्याकडे न्यायची, सामान घ्यायचे, आणि वाण्याने बिल केंद्राच्या औषधखात्याकडे पाठवायचे. वॉशिंग्टनहून अधिकारी आले: औषधखात्याचा पैसा रोगावरील उपचारासाठी आहे, किराण्यासाठी नाही. गायगर यांनी त्यांना सांगितले की, आपण वाचलेल्या वैद्यकाच्या ग्रंथांत कुपोषणावरचा उपचार म्हणून अन्नच दिलेले आहे. अधिकारी निरुत्तर होऊन परतले. ही हकिगत पुष्कळदा सांगितली जाते, आणि सांगणारे येथेच थांबतात. आम्हांला तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो.

जॉन हॅच हे कृष्णवर्णीय संघटक केंद्राच्या कामासाठी गावोगाव फिरत होते. ते डॉक्टरांचे म्हणणे लोकांना सांगण्याऐवजी लोकांचे म्हणणे ऐकत बसत. गावोगाव आरोग्यमंडळे स्थापन झाली. त्या मंडळांतून लोकांनीच विचारले: चिठ्ठीवर भाजी कशाला? आम्ही शेतकरी आहोत, आम्हांला जमीन मिळवून द्या. आणि शेकडो कुटुंबांची एक सहकारी शेतीसंस्था उभी राहिली. ज्या मातीत मालकासाठी कापूस पिकत होता तिच्यात स्वतःसाठी भाजीपाला पिकू लागला. पुढे विहिरी खणल्या गेल्या, शौचकूप बांधले गेले, झोपड्यांची छपरे दुरुस्त झाली. दगावणारी बालके पुष्कळदा अतिसाराने दगावत होती, म्हणून विहीर हीही औषधच होती. डॉक्टर रोगाकडून अन्नापर्यंत आले होते. अन्नाकडून जमिनीपर्यंत त्यांना लोकांनी नेले. समाजाचे नेतृत्व या शब्दाला जर काही अर्थ असेल तर तो एवढाच की, प्रश्न कोणता आहे हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा प्रश्न त्याला असावा.

त्या केंद्रात 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' या संघाच्या सिस्टर मेरी स्टेला सिम्प्सन परिचारिका-सुईण म्हणून काम करीत होत्या. त्यांनी तेथून आपल्या मठातील भगिनींना पत्रे लिहिली, ती १९७८ साली पुस्तकरूपाने निघाली. धर्मभगिनीने खेड्यात जाऊन सेवा केली म्हटले की आपल्याकडे लगेच डोळे मिटून स्तुती सुरू होते, म्हणून मुद्दाम सांगतो: त्यांचे मोल त्यांच्या त्यागात आम्ही शोधत नाही. बाळंतपणानंतर ती बाई आणि ते मूल कोणत्या घरात परत जातात हे त्या उंबरठ्याच्या आत जाऊन पाहत होत्या, आणि जे पाहिले ते केंद्रात परत आणून सांगत होत्या. केंद्राला अशा पाहणाऱ्यांची गरज होती.

परंतु याच मिसिसिपीतला दुसरा धडा उलट्या बाजूचा आहे, आणि तो विसरून चालणार नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने आणि १९६६ साली सुरू झालेल्या वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याने दक्षिणेतल्या इस्पितळांपुढे एकच अट ठेवली: वर्णभेद बंद करा, नाहीतर सरकारी पैसा मिळणार नाही. वर्षानुवर्षे तत्त्वाच्या गोष्टी सांगणारी इस्पितळे काही महिन्यांत उघडली. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा असे दिसले की, त्यानंतरच्या काही वर्षांत दक्षिणेच्या ग्रामीण भागांत महिना ते वर्ष या वयातल्या कृष्णवर्णीय बालकांचे मृत्यू झपाट्याने उतरले. अतिसार व न्युमोनियाने जाणारी ही बालके. एक रात्र इस्पितळात सलाईन मिळाले असते तर वाचली असती, आणि आता वाचू लागली. हे कोणत्याही वस्तीला, कितीही एकजूट केली तरी, स्वतःच्या बळावर साधले नसते. त्यासाठी तिजोरीची किल्ली हातात असलेल्याने ती फिरवावी लागली. मात्र किल्ली बरोबर दारात बसावी म्हणून मदत केली ती पुन्हा सामान्यांनीच: इस्पितळांत झाडलोट करणारे, स्वयंपाक करणारे कृष्णवर्णीय कर्मचारी आणि हक्क चळवळीतले कार्यकर्ते तपासनिसांना आतली खरी परिस्थिती गुपचूप कळवीत. कोणत्या वॉर्डातले पडदे फक्त तपासणीच्या दिवशी काढले जातात, हे त्यांच्यावाचून कोणाला कळणार?

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण आजच्या उत्साहात ती झाकली जाते. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय समाजात पिढ्यान्‌पिढ्या सुईणी होत्या. जॉर्जिया राज्यातील अल्बनी गावच्या मेरी कोली यांनी हजारो बाळंतपणे केली. १९५३ साली त्यांच्या कामावर राज्याच्या आरोग्यखात्यासाठी एक प्रशिक्षणपट निघाला. दक्षिण कॅरोलायनातील मॉड कॅलन या परिचारिका-सुईणीची छायाचित्रे १९५१ साली 'लाइफ' साप्ताहिकात छापून आली तेव्हा वाचकांनी आपण होऊन पैसे पाठवले आणि त्यांतून तिचा दवाखाना बांधला गेला. १९२१ च्या एका केंद्रीय कायद्यानंतर सरकारने या सुईणींना शिकवायला घेतले. पांढरा अॅप्रन, स्वच्छ पिशवी, पिशवीची तपासणी, परवाना. यातले पुष्कळ चांगले होते. पण हळूहळू शिकवणे मागे पडले आणि परवाने काढून घेणे पुढे आले. अलाबामात १९७६ साली पारंपरिक सुईणींचे काम कायद्यानेच बंद झाले. रात्री बारा मैल चालत जाणारी, बाळंतिणीच्या घरी चूल पेटवणारी, नवऱ्याला दोन शब्द सुनावण्याचा अधिकार असलेली बाई तेथून नाहीशी झाली. आज चाळीस-पन्नास वर्षांनंतर अमेरिकेत गर्भवतीची सोबत करणाऱ्या 'डौला' नावाच्या प्रशिक्षित स्त्रियांचा गौरव होत आहे, ओरेगॉन-मिनेसोटासारखी राज्ये त्यांना सरकारी विम्यातून मेहनताना देऊ लागली आहेत, आणि हा नवा शोध असल्याप्रमाणे त्याचे वर्णन होते. समाजाजवळ नेतृत्व नव्हते असे नाही. ते काढून घेतले होते. काढून घेतलेली वस्तू परत करताना देणाऱ्याने दात्याचा आव आणणे शोभत नाही.

बाल्टिमोर शहराचे नाव येथे दोन कारणांनी घेतो. आपल्या जामखेडला १९७० साली काम सुरू करणारे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेण्यासाठी याच शहरातील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात होते. परत येऊन त्यांनी निरक्षर, पुष्कळदा दलित स्त्रियांना गावाच्या आरोग्यसेविका केले, तेव्हा त्या भागातला अर्भकमृत्युदर हजारी १७६ च्या घरात होता. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते त्यांच्या हातून गाव मुले जन्माला घालू लागले, ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. दुसरे कारण असे की, ज्या शहरात ते दोघे शिकले त्या शहराच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत त्यानंतरही कित्येक वर्षे बालके दुपटीने दगावत होती, अगदी त्या विख्यात विद्यापीठाच्या सावलीत. ज्ञान जवळ असणे आणि ज्ञान पोहोचणे यांत एका गल्लीचे अंतरही पुरेसे होते.

२००९ साली शहराने एक मोहीम आरंभली. त्या वर्षी शहराचा अर्भकमृत्युदर हजारी १३.५ होता, २०१५ साली तो ८.४ वर आला. या मोहिमेतली एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. बाळाला पाठीवर, एकट्याने, मोकळ्या बिछान्यावर झोपवावे हे सांगण्यासाठी एक चित्रफीत तयार केली गेली. त्यात डॉक्टर बोलले नाहीत. ज्यांची बाळे झोपेत गेली होती अशा त्याच शहरातल्या माता बोलल्या. बाळंतिणीला घरी सोडण्यापूर्वी इस्पितळांत ती दाखवली जाई. आपल्या दुःखाचे त्यांनी दुसऱ्याच्या बाळासाठी साक्षीत रूपांतर केले. ही साक्ष कोणत्याही तज्ज्ञाच्या व्याख्यानाहून प्रभावी ठरते यात नवल नाही. पण ती मागण्याचा अधिकार कोणाला आहे? आमचे उत्तर असे: मागण्याचा कोणालाच नाही, देण्याचा मात्र त्या मातेला आहे, आणि तो तिच्याकडून दयेपोटी हिरावून घेणे हाही अपमानच होय. फरक आहे तो विचारणाऱ्याच्या हातात काय आहे यात. जो पलंग, भाडे, दवाखान्याची वाहतूक यांची तरतूद घेऊन आला आहे त्याने विचारावे. जो केवळ कॅमेरा घेऊन आला आहे त्याने विचारू नये.

येथे एक सावधगिरीही हवी. चांगल्या हेतूने केलेले सर्वच सफल होते असे नाही. १९९१ साली अमेरिकी सरकारने पंधरा ठिकाणी, स्थानिक लोकांच्या समित्यांना हाताशी धरून, 'हेल्दी स्टार्ट' ही योजना सुरू केली. पाच वर्षांत अर्भकमृत्यू निम्म्यावर आणण्याचे तिचे ध्येय होते. ते गाठले गेले नाही. विस्कॉन्सिनमधील डेन परगण्यात तर याहून विलक्षण घडले. १९९० ते २००१ या काळात तेथील कृष्णवर्णीय बालकांचा मृत्युदर हजारी १९.४ होता, २००२ ते २००७ मध्ये तो ६.४ वर उतरला आणि गौरवर्णीयांच्या जवळ आला. तज्ज्ञ धावले, कारण शोधू लागले. ठाम कारण कोणाला सापडले नाही. काही वर्षांतच अंतर पुन्हा उघडले. यश आपले का होते हे कळले नाही म्हणून ते राखताही आले नाही. अलीकडचे उदाहरण २०२० सालच्या एका अभ्यासाचे: फ्लोरिडातील कृष्णवर्णीय नवजात बालकांवर कृष्णवर्णीय डॉक्टरांनी उपचार केले तर ती अधिक वाचतात असे त्यात म्हटले होते. ते निष्कर्ष न्यायालयापर्यंत पोहोचले. २०२४ साली तीच आकडेवारी पुन्हा तपासली गेली. अत्यंत कमी वजनाची बालके कोणत्या डॉक्टरांकडे अधिक जातात हे हिशेबात घेताच तो फरक जवळपास उरला नाही. न्याय्य बाजूला अशा आधाराची गरज नाही. खांब कच्चा असेल तर वरचे छप्पर कितीही पवित्र असले तरी ते पडते, आणि पडले की शत्रू म्हणतो, बघा, घरच खोटे होते.

मग वस्तीच्या हाती निश्चित असे काय आहे? आम्हांला वाटते, विश्वास. अलाबामातच, टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी डॉक्टरांनी कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश उपचार न करता नुसता पाहत ठेवला, हे त्या समाजाच्या घराघरांत ठाऊक आहे. तेव्हा गर्भवतीने दवाखान्यात उशिरा जाणे याला अडाणीपणा म्हणणे हा अर्धवट विचार होय. ती अनुभवावर उभी असलेली सावधगिरी आहे. ती दूर करणे डॉक्टरच्या गोड बोलण्याने होत नाही. सिनसिनाटी शहरात २०१३ पासून अर्भकमृत्यूंवर काम सुरू झाले आणि त्यातून 'क्वीन्स व्हिलेज' नावाने कृष्णवर्णीय स्त्रियांचे एक मंडळ उभे राहिले. त्या एकत्र जमतात, जेवतात, विसावा घेतात, आणि दवाखान्यात आपल्याला कसे वागवले गेले ते एकमेकींना सांगतात. मग ते दवाखान्यालाही सांगतात. बाहेरच्याला हे हळदीकुंकवासारखे वाटेल. पण देह जर अवहेलनेने झिजत असेल, तर अवहेलना नसलेली एक खोली आणि तेथला एक तास हाही उपचाराचाच भाग मानावा लागेल. अशी खोली सरकार बांधून देऊ शकते, भाडे भरू शकते; ती खोली तशी ठेवणे मात्र सरकारच्या हातचे नाही.

म्हणून सन्मान की ओझे या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे. नेतृत्व समाजाचे असावे, कारण प्रश्न ओळखण्याची दृष्टी आणि विश्वास त्याच्याजवळच आहे. देणे मात्र समाजाचे नाही. ज्या व्यवस्थेने पिढ्यान्‌पिढ्या काम करून घेतले, दारे बंद ठेवली, सुईणींच्या पिशव्या जप्त केल्या, तिने ते फेडायचे आहे, आणि त्यात उपकार कसला? नेतृत्व सोपवले आणि पैसा, अधिकार, वेळ दिला नाही, तर उद्या आकडे न हलल्यास दोष मात्र पुन्हा त्याच मातांच्या पदरात पडेल. काही जण याच्यापुढे जाऊन म्हणतात की, ऋण फिटेपर्यंत समाजाने हातपाय हलवू नयेत. हे आम्हांला मान्य नाही. माउंड बायूच्या मजुरांनी न्यायाची वाट पाहत इस्पितळ बांधले नसते तर त्या चोवीस वर्षांत जी बालके तेथे जन्मली आणि वाचली ती कोणाच्या हिशेबात जमा केली असती? न्याय उशिरा आला तरी चालतो. बालक वर्षभरच थांबू शकते.

मिसिसिपीचे आजचे वर्तमान असे आहे. २०२४ साली राज्याचा अर्भकमृत्युदर हजारी ९.७ वर गेला, गेल्या दहा वर्षांतला सर्वांत अधिक. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्याच्या आरोग्यखात्याने यासाठी सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली. डेल्टातल्या ग्रीनवूड गावच्या इस्पितळाचा प्रसूतिविभाग २०२२ साली बंद झाला. माउंड बायूचे आरोग्यकेंद्र अजून चालू आहे. १९६७ साली ज्या कामासाठी ते उघडले होते, त्याच कामासाठी त्याच्या दाराशी बायका आजही येतात.